सुट्टीतला घरचा अंक

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांकडून एक ठरावीक वाक्य ऐकू येते. "सर, घरी आला की दोन दिवस झोपतो, मग मोबाइल घेऊन बसतो. काहीतरी काम द्या त्याला." गृहपाठ तर दिलेलाच असतो, आणि तो परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर बसून उरकला जातो हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून यंदा या पानावर एक वेगळा उद्योग सुचवतो. घरच्या घरी, हाताने लिहून, एक छोटा अंक काढा. आठ पानांचा किंवा फार तर सोळा पानांचा. छात्राने संपादक व्हावे, धाकट्या भावंडांनी लिहावे, चित्रे काढावीत, आणि आईबाबांनी मदत करावी. ती किती करावी आणि कुठे हात आखडता घ्यावा हे मात्र अवघड आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

मराठी घरांना हस्तलिखित अंक नवा नाही. आजोबांच्या पिढीतल्या बहुतेकांनी शाळेत असताना हस्तलिखिताला एखादी कविता किंवा चित्र दिलेले असते. दिवाळीला फराळाबरोबर वाचायला अंक हवा ही सवय तर १९०९ पासूनची आहे. त्या वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथाच पडली. योगायोग असा की फौजेचे स्वतःचे नियतकालिकही १९०९ मध्येच सुरू झाले. तेव्हा त्याचे नाव 'फौजी अखबार' होते. १९५४ मध्ये ते 'सैनिक समाचार' झाले आणि ते इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही निघत आले आहे.

पण छात्रांना सांगायला मला त्याहून आवडते ते अंटार्क्टिकावरचे उदाहरण. १९०२ च्या हिवाळ्यात कॅप्टन स्कॉट यांचे 'डिस्कव्हरी' जहाज बर्फात अडकून पडले होते. कित्येक महिने सूर्य दिसणार नव्हता. माणसे तीच, जेवण तेच, अंधार तोच. तेव्हा त्यांनी 'साउथ पोलर टाइम्स' नावाचा अंक काढला. संपादक होते अर्नेस्ट शॅकल्टन, पुढे स्वतःच्या मोहिमांनी गाजलेले. मजकूर टंकलेखन यंत्रावर उतरवत आणि चित्रे बरीचशी डॉ. एडवर्ड विल्सन काढत. प्रत एकच असे, ती हातोहात फिरे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र या उद्ध्वस्त गावात ब्रिटिश सैनिकांना एक छापखान्याचे यंत्र सापडले, आणि कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स यांनी त्यावर 'वायपर्स टाइम्स' हा विनोदी अंक काढला. 'ईप्र' हे नाव सैनिकांच्या तोंडी बसत नव्हते म्हणून त्याचे 'वायपर्स' झाले होते. दोन्हीकडे अंक काढणारे लेखक नव्हते. घरापासून लांब असलेली आणि दिवस जाता जात नसलेली माणसे होती. हे आपल्या वसतिगृहातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. सहावीत मुलगा सैनिकी शाळेत दाखल होतो तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा असतो. त्यानंतर रविवारचा फोन. "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." दहा मिनिटांपैकी सात मिनिटे अशी जातात. मुलाला आईबापांबद्दल काही वाटत नाही असे नसते. रोज एकत्र राहताना जे लहानसहान सांगितले जाते ते फोनवर सांगण्याजोगे वाटत नाही, इतकेच. ज्या घरात वडीलही फील्ड पोस्टिंगवर असतात तिथे तर एक कुटुंब तीन ठिकाणी वाटलेले असते. आणि मराठीचे काय होते? वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी, मराठी फक्त फोनवर. चौथीपर्यंत छान मराठी लिहिणारा मुलगा आठवीत 'बाळ'मधला 'ळ' लिहिताना थबकतो, हे मी दरवर्षी पाहतो. घरचा अंक या सगळ्यावर औषध नाही. पण त्यात लहानसहान गोष्टी मराठीत लिहायला जागा मिळते, आणि त्या वाचणारे कोणीतरी नक्की असते.

म्हणून पहिला प्रश्न हा की अंक कोणासाठी? 'सर्वांसाठी' हे उत्तर स्वीकारू नका. बाबांसाठी, गावाकडच्या आजीसाठी, लग्न होऊन बडोद्याला गेलेल्या आत्यासाठी, असे एक-दोन खरे वाचक ठरवा. वाचक ठरला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे मोठे लिहायचे. बाबांना घरातल्या कुत्र्याची खबर हवी असते, म्हणजे ते सदर ठरले. मुलाला "दिवाळीवर निबंध लिही" म्हटले की तो दिवा, फराळ, फटाके आणि प्रदूषण अशी चार वाक्ये लिहून मोकळा होतो. "या वेळी चकल्या कशा बिघडल्या ते बाबांना कळव" म्हटले की दीड पान भरते.

विषय घरातच असतात. फौजी घरात तर विशेष. तुमच्याकडे काळ्या लोखंडी ट्रंका असतील. त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा आणि जायचे ठिकाण लिहिलेले असते, आणि प्रत्येक बदलीला जुने ठिकाण खोडून नवे लिहिले जाते. नीट उजेडात धरले तर खालची जुनी अक्षरे अजून दिसतात. एका छात्राने धाकट्या बहिणीला घेऊन घरातल्या एका ट्रंकेवरची अशी ठिकाणे शोधून काढली आणि प्रत्येक ठिकाणापुढे त्या घरातली एकच आठवण लिहिली: एकीकडे नळाला बर्फ धरायचा, एकीकडे माकडांनी रविवारचा शिरा पळवला. एवढाच लेख. मोठ्यांपैकी कोणालाही तो सुचला नसता.

दुसरा हमखास विषय शब्दांचा. चार ठिकाणी वाढलेल्या मुलाच्या बोलण्यात चार भाषांचे शब्द रुजलेले असतात. लडाखहून 'जुले', आसामातून 'भाल', पंजाबातून 'पुत्तर', तमिळनाडूतून 'सरी'. प्रत्येक शब्द कोणाकडून शिकला, तेव्हा काय घडले, हे दोन-दोन ओळींत लिहायला सांगा. घराचा किंवा क्वार्टरच्या आवाराचा नकाशा, शेजारच्या काकूंकडून विचारून घेतलेली एखादी पाककृती, कोडे, पाच दिवसांच्या तापमानाची नोंद, हेही चालते. शाळेत नकाशावाचन शिकलेल्या छात्राने आवाराच्या नकाशात उत्तर दिशा आणि प्रमाण दाखवले नाही तर मात्र त्याला जरूर टोका.

मुलाखत एक तरी असावी. आजोबा, पेन्शनर शेजारी, दूधवाला, कोणीही. प्रश्न असे हवेत की उत्तर 'हो' किंवा 'नाही' येणार नाही. "तुम्हाला शाळा आवडायची का?" याला "हो" एवढेच उत्तर मिळते. "शाळेत कशाने जायचात? वाटेत काय लागायचे?" याला नदी, होडी, ओला सदरा सगळे येते. ऐकताना पूर्ण वाक्ये लिहून घेण्याचा हट्ट नको; शब्द टिपावेत आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते जोडून लिहावे. दुसऱ्या दिवसावर टाकले की टिपण आपल्यालाच कळत नाही.

आता मदतीचा भाग. यात मी स्वतः नापास झालेलो आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिने चार पानांचा अंक काढायला घेतला. पहिले पान घेऊन ती माझ्याकडे आली. मी वर्गातल्या सवयीने लाल पेन काढले. 'फुल' नव्हे 'फूल', 'आणी' नव्हे 'आणि', इथे पूर्णविराम. सहा ओळींत अकरा खुणा. तिने पान घेतले, 'बरं' म्हणाली, आणि तो अंक पुन्हा कधी दिसला नाही. दोन वर्षांनी तिने अंक पुरा केला तो तिच्या मावशीकडे, सुट्टीत. मावशीने शुद्धलेखन पाहिलेच नाही. ती फक्त विचारत होती, "मग पुढे काय झालं?"

तेव्हापासून मी पालकांना सांगतो की पहिला मसुदा हातात आला की पेन खिशातून काढू नका. तो मोठ्याने वाचा, किंवा मुलालाच वाचायला लावा. जिथे तुम्हाला कळले नाही तिथे फक्त विचारा. "हा 'तो' म्हणजे कोण?" "माकड कुठून आलं?" मूल उत्तर देते, आणि तेच उत्तर लिहायचे असते. शुद्धलेखन पाहायचे ते शेवटी, पक्की प्रत करण्यापूर्वी, आणि तेही वेगळ्या कागदावर योग्य शब्द लिहून देऊन. मुलाच्या लिखाणावर खुणा नकोत. वाक्यरचना त्याचीच राहू द्या. घरी जशी मराठी बोलली जाते, वऱ्हाडी, कोल्हापुरी, इंदुरी, तशी ती अंकात आली तर बिघडत नाही. हिंदी शब्द आला तर एकदा विचारा, "आजी याला काय म्हणते?" आठवले तर ठीक, नाही तर राहू द्या.

सहा-सात वर्षांच्या मुलाला लिहिण्याचा कंटाळा येतो, सांगण्याचा येत नाही. त्याच्यासाठी तुम्ही लेखनिक व्हा. तो सांगेल ते, त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता उतरवा. खाली त्याला स्वतःची सही करू द्या.

छात्रांनाही एक सूचना. संपादक म्हणजे प्लाटून कमांडर नव्हे. मागे एका संपादकाने आपल्या सात वर्षांच्या बहिणीला चित्र द्यायला उशीर झाला म्हणून व्हरांड्यात उभे केले होते, असे त्याच्या आईने हसत हसत सांगितले. बहिणीने संप केला आणि अंक चित्रांविना निघाला. लेखकाला वेळ द्यायचा असतो, आठवण करून द्यायची असते, आणि फार तर लाडूची लाच द्यायची असते.

आता कागदाचे काम. अगदी लहान मुलांसाठी एकाच ए-४ कागदाची आठ पानांची पुस्तिका होते. कागद तीनदा अर्धा दुमडून आठ चौकटी पाडा आणि उघडा. मग आडवा अर्धा दुमडून, दुमडीच्या बाजूने मधल्या रेषेवर फक्त कागदाच्या मध्यापर्यंत कापा. पुन्हा उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोके आत ढकला म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो, आणि पाने एका बाजूला गुंडाळा. दोरा नको, डिंक नको. एक पान सुमारे साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचे होते, चित्र आणि दोन ओळींपुरते.

मोठ्यांसाठी ए-४ कागद मधोमध दुमडून ए-५ आकार घ्यावा. एका कागदाची चार पाने, म्हणून एकूण पाने चारच्या पटीतच येतात: आठ, बारा, सोळा. सोळाच्या वर जाऊ नका. हिशेब असा: पान २१ सेंटिमीटर उंच, वरखाली दोन-दोन सेंटिमीटर समास, ओळींमध्ये एक सेंटिमीटर अंतर, म्हणजे सतरा ओळी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून याहून दाट ओळी घेऊ नयेत. ओळीत सहा शब्द धरले तर पानात शंभर शब्द. सोळा पानांतून चार मुखपृष्ठ-मलपृष्ठाची आणि चार चित्रांची वजा केली तर आठशे शब्द उरतात. दहा दिवसांच्या सुट्टीत मुलांच्या हातून तेवढे पुरे होतात. कोऱ्या कागदावर ओळी सरळ येण्यासाठी काळ्या जाड रेघांचा एक कागद खाली ठेवावा.

एकच प्रत काढायची असेल तर कागद एकात एक घालून सरळ लिहीत जा. झेरॉक्स काढायच्या असतील तर मात्र पानांचा क्रम चुकतो, आणि पहिल्या वेळी सर्वांचाच चुकतो. आठ पानांच्या अंकात पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे ८ आणि उजवीकडे १ येते, आतल्या बाजूला २ आणि ७. दुसऱ्या कागदाच्या एका बाजूला ६ आणि ३, दुसऱ्या बाजूला ४ आणि ५. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते: आठ पानांना ९, सोळा पानांना १७. ही बेरीज लक्षात राहिली की आकृती लागत नाही. तरीही दोन रद्दी कागदांची कच्ची प्रत करून, तिच्यावर पृष्ठांक घालून, ती दुकानात बरोबर न्यावी. १ च्या मागे २ आले आहे ना एवढे पाहिले की बाकीचे बरोबर असते.

आणखी एक सोय सांगतो. प्रत्येक पान अर्ध्या कागदावर स्वतंत्र, एकाच बाजूला लिहावे, आणि शेवटी दोन-दोन पाने ए-४ वर चिकटवून मूळ प्रत तयार करावी. एखादे पान बिघडले तर तेवढेच पुन्हा लिहावे लागते. कोणता लेख आधी आणि कोणता नंतर हेही शेवटपर्यंत बदलता येते, जे संपादकाला फार आवडते. काळ्या पेनानेच लिहा. पेन्सिल आणि फिका निळा रंग झेरॉक्समध्ये पुसट येतात, पिवळा तर बहुधा नाहीसाच होतो. कडेला एक सेंटिमीटर जागा सोडा, कारण यंत्र अगदी काठापर्यंत छापत नाही. रंग भरायचे ते झेरॉक्स काढल्यावर, प्रत्येक प्रतीत हाताने.

शिवण्यासाठी दुमडीवर दाभणाने किंवा जाड सुईने तीन भोके पाडा, एक मध्ये आणि दोन वरखाली. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकापर्यंत जाऊन बाहेर काढा, आणि मधल्या भोकातून पुन्हा आत आणा. दोऱ्याची दोन्ही टोके आता मध्यावर आहेत. त्यांच्यामधून जाणारा लांब टाका पकडून गाठ मारा. गोधडीचा दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंतत नाही. स्टेपलर चालेल, पण त्याची पिन लहान मुलांच्या बोटाला लागते आणि दमट हवेत गंजते.

आता एक गोष्ट जी आपल्याच घरांना लागू आहे. फील्डवरच्या पत्रावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' इतकेच लिहितात. गावाचे नाव नसते. ते का नसते हे मुलांना एकदा नीट समजावून सांगा, आणि तोच नियम अंकाच्या आतही पाळा. बाबा कुठे आहेत, युनिट कोणते, कधी हलणार, कधी रजेवर येणार, छावणीचा फोटो, यांतले काहीही अंकात येऊ नये. अंक झेरॉक्सच्या दुकानात जातो, नातेवाइकांकडे जातो, आणि कोणीतरी मामा कौतुकाने त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतोच. बाबांचा मजकूर हवाच असेल तर तो 'आमच्या दूरच्या वार्ताहराकडून' या नावाने घ्या आणि त्यात हवामानापलीकडे ठिकाणाचा पत्ता लागू देऊ नका. डोंगर असेल तर हवामानही गाळा. मुलांना हे गुप्ततेचे काम फार आवडते, असा अनुभव आहे.

पाठवताना वजन पाहा. ७५ जीएसएमचा एक ए-४ कागद सुमारे ४.७ ग्रॅम भरतो. सोळा पानांचे चार कागद म्हणजे जवळजवळ एकोणीस ग्रॅम. पाकीट धरले की वीसच्या वर जाते, त्यामुळे पाच रुपयांचे तिकीट लावून पेटीत टाकण्यापेक्षा पोस्टाच्या खिडकीवर वजन करून तिकीट लावावे. पाकिटात एक कोरा अर्धा कागदही घाला, वर 'वाचकांचा पत्रव्यवहार' असे लिहून. आजीचे किंवा बाबांचे उत्तर त्यावर आले की दुसऱ्या अंकाचे पहिले पान तयार असते, आणि दुसरा अंक निघतो तो बहुधा याच एका कागदामुळे.

छात्रांनी सुट्टीवरून परतताना एक प्रत या पानासाठी आणावी. झेरॉक्सच आणा. मूळ प्रत घरीच, ट्रंकेत राहू द्या.